सतरा नंबरचं होल

अंकलच्या टेबलावर खोडरबर नसायचं. अंकल म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. प्रभादेवीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नवीन लागले तेव्हा आधी नजरेत भरलं ते हेच. तीन पेन्सिली, पट्टी, कंपास, रबर नाही. विचारलं तर म्हणाले, "पुसायला माणूस विसरतो, बाय. आधी विचार करायचा, मग लाईन मारायची."

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते. हे मी पहिल्याच दिवशी ऑफिसभर सांगितलं होतं आणि त्याची मला आजही लाज नाही. तेव्हापासून अंकलची हाक ठरली, "काय गं ग्रॅज्युएट!" स्वतः मॅट्रिक, फणसवाडीचे, रविवारी चर्च न चुकवणारे. रिटायर झाल्यावरही जुन्या ड्रॉइंगमध्ये काही अडलं तर सांगायला ते दर शुक्रवारी यायचे.

आमच्या ट्रक कंपनीचा इतिहास रिसेप्शनमधल्या जाड पुस्तकात आहे. अंकलचा इतिहास चार वाक्यांचा. "लॉरी परदेशातून खोक्यात यायची. परळच्या शेडमध्ये आम्ही जोडायचो. मग साहेब म्हणाला, आता आपली काढू. काढली." सहा चाकांची दहा झाली, दहाची चौदा. कारखाना शहराबाहेर गेला, शेडच्या जागी टॉवर आला. प्रत्येक नव्या ट्रकमध्ये एक गोष्ट मात्र तीच राहिली. चासीच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या, लांब पट्टीत, ड्रायव्हरच्या दारामागे, एक जास्तीचं भोक. ड्रॉइंगवर त्याचा नंबर सतरा.

ते अंकलच्या चुकीने पडलं होतं. पहिल्या ड्रॉइंगवर ब्रेकच्या हवेची टाकी तिथे बसणार होती. त्याच दिवशी दुपारी ती पुढे सरकली आणि सतरा नंबर पुसायचा राहिला. लक्षात आलं तेव्हा पट्ट्या कापून, भोकं पाडून झाली होती. साहेब म्हणाला, राहू दे, तेवढंच वजन कमी. मग प्रत्येक नवं ड्रॉइंग जुन्यावरून निघालं आणि होलही सोबत आलं. ड्रायव्हर लोकांनी त्यात हुक घालून पाण्याचा कॅन टांगायला सुरुवात केली. "माझी चूक हायवेवर पाणी पाजते," असं म्हणून अंकल हसायचे.

नव्या मॉडेलच्या वेळी काम माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक होलपुढे कारण लिहायचं. कारण नसेल ते काढायचं. त्या शुक्रवारी अंकल माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"ड्रायव्हरला विचारलंस?"

"ड्रायव्हरचा कॉलम नाही यात, अंकल."

"मग काढ. चूकच होती ती."

मी बटण दाबलं. अंकल स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आवाजपण नाय झाला गं."

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. मीही फोन केला नाही; काय बोलणार होते?

दोन वर्षांनी वरळीला, चाळी पाडून टॉवर चढत होते तिथे, आमचा नवा चौदा चाकी उभा दिसला. पट्टीत, बरोबर त्याच जागी, हाताने मारलेलं तिरकं होल. त्यात हुक आणि हुकाला कॅन. ड्रायव्हर म्हणाला, "कंपनी भूल गयी थी, मॅडम. गॅरेजवाले से छेद करवा लिया. सब करवाते हैं." असल्या ओबडधोबड होलाच्या कडेपासून पट्टीला चीर जाते. भरल्या ट्रकखाली ती चीर कुठवर जाईल, ते ग्रॅज्युएट नसलेल्यालाही कळतं.

फोटो काढला आणि तशीच फणसवाडीत गेले. अंकल अंथरुणाला खिळले होते. आंटीने त्यांना चष्मा लावून दिला. फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. मला वाटलं, हसतील.

"वाकडं मारलंय," ते म्हणाले. "तू सरळ मार, बाय."

त्या महिन्यातच ते गेले.

होल ड्रॉइंगमध्ये परत घालण्याचा अर्ज मी तीनदा केला, तीनदा नामंजूर होऊन आला. कारणाच्या रकान्यात मी आधी जडजड इंग्रजी शब्द लिहिले होते. आता थकले. काल चौथ्यांदा भरला. कारण: पाण्याचा कॅन. अजून उत्तर नाही. टेबलावरचं खोडरबर मात्र मी ड्रॉवरमध्ये टाकलंय.