आईच्या मापाचं पोलकं

रद्दीचा पेपर पसरून हातात खडू घेतला, की त्या शाईच्या वासानं मला आमचं पत्र्याचं घर आठवतं. आई-बाबा ऊसतोडीला गेले, की मी केजला मावशीकडे राहायचे आणि शाळा सुटली की शिवणक्लासला जायचे. तिथं पेपरवर कटिंग काढायला शिकले आणि आईच्या जुन्या पोलक्यावरून माप घेऊन तिच्यासाठी नवं पोलकं शिवलं. पाडव्याच्या सुमाराला ती कारखान्यावरून परतली आणि मी पोलकं पेपरात गुंडाळून आमच्या पत्र्याच्या घरी आले. तिनं हौसेनं पोलकं घातलं, तर ते खांद्यावरून घसरायला लागलं. एका हंगामात ती इतकी वाळली होती. "माप चुकलं गं," मी रडवेली झाले. "न्हाई चुकलं. तू घालून बघ बरं." मी घातलं. बाह्या, गळा, छाती, सगळं माझ्यासाठीच बेतल्यासारखं बसलं. खूश होऊन मी वळले, तर आईचा चेहरा उतरलेला. बाहेर ओट्यावर बाबा मामाला सांगत होते, "पोरगी जरा अंगानं भरली, की लग्न उरकून टाकू. किती दिवस दुसऱ्याच्या दारात ठेवायची?" आई हळूच म्हणाली, "काढ ते. बापाला दिसाया नको. तू आजून लहान हायेस." मग तेच ढगळ पोलकं खांद्याला पिन लावून ती स्वतः वापरत राहिली, पुढच्या हंगामात उसाच्या फडातही, वरून बाबांचा शर्ट चढवून. माझा क्लास चालू राहिला. आता माझं दुकान आहे, आणि बायका अंगासरशी बसणारं ब्लाउज शिवून मागतात. आई तेवढी अजून म्हणते, "माझं ढगळच ठेव."