मामांचा रणगाडा आणि दोन कार्डं

निवृत्त सैनिकाचा रणगाडा ऐन लढाईत बंद पाडण्याचा मान आमच्या नात्यागोत्यात फक्त माझ्याकडे आहे.

सैनिक म्हणजे माझे सासरे, कुंडलचे. मी त्यांना मामा म्हणतो. पलटणीत त्यांनी ट्रक चालवले. निवृत्तीनंतर उसाला पाणी पाजून उरलेल्या वेळात ते कम्प्युटरवर रणगाड्यांचा गेम खेळू लागले. पण ग्राफिक्स कार्ड जुनं, चित्र अडखळायचं. मामांचा रणगाडा वळेपर्यंत शत्रू गोळा टाकून, चहा पिऊन परत यायचा!

बायको म्हणाली, एकच दणकट कार्ड घ्या. पण मी कुपवाडच्या कारखान्यात मशीन सांभाळतो (म्हणजे बंद पडलं की मेकॅनिकला फोन करतो), त्यामुळे यंत्रांतलं मला कळतं, असा माझा समज.

"एकट्याला झेपत नाही ना? मग जोडीला दुसरं लावू. दोघं मिळून ओढतील," असं म्हणत मी तसलंच आणखी एक जुनं कार्ड बसवलं.

मामांनी खूश होऊन पलटणीतल्या मित्रांना रविवारी लढाई बघायला बोलावलं. सासूबाईंनी मटणाचा बेत केला.

लढाई सुरू झाली आणि चित्र पहिल्यापेक्षा जास्त अडखळलं. बायकोनं मोबाइलवर वाचून सांगितलं, की हा गेम एकच कार्ड वापरतो. दुसरं नुसतं शेजारी बसून पहिल्याला तापवतं. हे तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. मग मीही इरेला पेटलो. सेटिंगमध्ये शिरून जे जे वाढवता येईल ते वाढवलं. कम्प्युटरचा डबा तापला, आतले पंखे घरघरू लागले. मामांनी नेम धरला आणि फट्! कम्प्युटर बंद, छताचा पंखा बंद, स्वयंपाकघरात सासूबाईंचा मिक्सर बंद. वाटण अर्धं राहिलं.

एका मित्रानं हळूच विचारलं, "सुभेदार, गोळा कुठनं आला?"

मामा माझ्याकडं बघत म्हणाले, "घरातनंच."

पुढं बायकोनं एकच मोठं कार्ड आणलं आणि कुंडलला जाऊन स्वतः बसवलं. मित्रमंडळी पुन्हा जमली. त्या दिवशी मला मामांचा फोन आला.

"जावईबापू, कुटं हायसा?"

"घरी, विश्रामबागेत."

"मग बसा तितंच," ते समाधानानं म्हणाले. फोन ठेवता ठेवता पलीकडून रणगाडे सुरू झाल्याचा आवाज आला.