कोरड्या झरीचं पाणी

प्रेशर वाढलं तेव्हा आमच्या डिचोलीच्या डॉक्टरने गोळ्यांबरोबर फुकटचा सल्लाही दिला: रोज तासभर झाडांत बसा, मोबाइल घरी ठेवा. मी हसलोच. जन्म रानाच्या कडेला गेला आणि हा मला झाडं दाखवतो! पण बायकोने ते ऐकून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की ती चहा आणि उंडा पाव पुढे ठेवायची आणि माझ्या चपला दाराकडे तोंड करून लावायची.

झरीकडे गेलो, कारण तिथे आता कुणी फिरकत नाही. घरामागच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या वाड्यावरच्या सगळ्या घरांची ही झर. चिऱ्यांच्या सात पायऱ्या, वर ओवळीचं झाड. डोंगरापलीकडे लोखंडाच्या खाणीचा खड्डा खोल गेला तशी ती आटली. त्याच खाणीवर मी बावीस वर्षं ट्रक चालवला. आता खाण बंद पडूनही वर्षं झाली. झाडांवरची तांबडी धूळ पावसाने धुऊन नेली, झर काही परतली नाही.

पहिले दोन दिवस डास मारण्यात गेले. तिसऱ्या दिवशी पाणी वाजलं. बारीक, सलग, दगडावरून उतरताना वाजतं तसं. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं की डोळे मिटून बसूनच राहिलो. महिनाभरात प्रेशर उतरलं. माझं ओरडणंही कमी झालं म्हणे. हे बायकोचं म्हणणं.

मग एकदा राहवलं नाही. पाचोळा उपसला, काठीने माती उकरली. खाली ठणठणीत कोरडं, आणि आवाज चालूच.

बायकोला घेऊन गेलो. धारगळहून लग्न होऊन आली तेव्हा पहिली कळशी तिने याच पायऱ्यांवर भरली होती. बराच वेळ कान देऊन बसली. शेवटी म्हणाली, "माका कायच आयकाक येना." दुसऱ्या दिवशी तिने त्या जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. आवाज थांबला नाही. आपल्याला वेड लागतंय, या भीतीने मी आतून पार हललो होतो. तरी चार वाजले की पाय तिकडेच वळायचे.

शेवटी एका शुक्रवारी, बाजाराच्या निमित्ताने, बायकोला घेऊन म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काम काय करत होता, त्याने विचारलं. सांगितलं. "मग हे इंजिनाच्या आवाजामुळे," तो म्हणाला. "कान बिघडलेत त्याने. शांत जागी जास्त जाणवणार. गोळ्या घ्या, कमी होईल. आणि एकटे बसू नका, रेडिओ लावून ठेवा." घ्या! एक म्हणतो रानात बस, दुसरा म्हणतो बसू नको.

वेड नाही हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बसमध्ये मात्र मला एकच दिवस आठवत राहिला. झर आटली तेव्हा ही रिकामी कळशी घेऊन परत आली होती, रडवेली होऊन. मी अंगणात टँकरच्या पाण्याने ट्रक धूत होतो. म्हणालो, "टँकर येता मगे, झर कशाक होयी?" आणि वर हसलो होतो. आठवून इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

"ह्या गोळ्या घेतल्या तर तो आवाज जाईल," मी तिला म्हणालो. "म्हणजे झर मीच परत आटवायची."

तिने बाजाराची पिशवी पायाखालून उचलून मांडीवर घेतली.

गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात तसंच आहे. चार वाजले की चपला दाराकडे तोंड करून असतात. परत येताना मी अंगणात शिरतो तोच ती ओसरीवरून विचारते, "आज पाणी कसा आसा?"

"बरा आसा," मी म्हणतो.