भिंतीपलीकडचं ‘फरीथी’

ठकूला कुणी झोपेतून जागं केल्याचं शहापुरात कुणाला आठवत नाही. हाक मारणाऱ्याने तोंड उघडायच्या आत तिचे डोळे उघडलेले असायचे आणि पहिला प्रश्न तिचाच असायचा, “कोन हाय? कशाला आलास?” माझ्या धाकट्या भावाच्या वेळी ती आमच्याकडे आईच्या सोबतीला यायची. हा सगळा प्रकार मी अर्धा तिच्या तोंडून ऐकलाय आणि अर्धा गिरणीवाल्या मोंघीबेनच्या.

ठकू मूळची मुरबाडकडची, टोकावड्याच्या अलीकडच्या एका ठाकरवाडीतली. लहानपणी ती बापाबरोबर वरीच्या शेतात माळ्यावर राखणीला बसायची. बाप सांगायचा, डुकरं यायची ती मुकाट्याने येतात, म्हणून आवाज ऐकत बसू नको, आवाज कुठे थांबतो ते ऐक. रातकिडे एका अंगाला गप्प झाले की समज, तिकडे कुणीतरी आलंय. हे तिच्या अंगात असं काही मुरलं की पुढे तिला गाढ झोप कधी लागलीच नाही.

नवरा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. ओंडक्याखाली सापडून तो गेला आणि ठकू शहापूरला मोंघीबेनच्या भाताच्या गिरणीत पाखडायला आली. मोंघीबेनची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तेव्हा ठकू खोलीच्या दाराशी झोपायची. एके पहाटे घुरघुरणारं मांजर एकदम गप्प झालं म्हणून ती उठून बसली, तर बाळाच्या दुपट्याशेजारी मण्यार. तेव्हापासून कुणाकडे बाळंतीण असो की अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस, लोक ठकूला झोपायला बोलवत.

पण या कानांना एक जोड होती. ठकूचा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नव्हता. दूधवाला आज लवकर का आला? जावई हळू का बोलतो? औषधाची बाटली काल या फळीवर होती, आज त्या फळीवर कशी? ज्या घरी जायची तिथल्या निम्म्या माणसांना ती नकोशी होई, आणि उरलेली निम्मी तिला सोडत नसत.

मोंघीबेनच्या मुलाचं आफ्रिकेत मोंबासाला किराणा मालाचं दुकान होतं. सत्तावन्न साली त्याच्या बायकोला दिवस गेले, तेव्हा मोंघीबेन जहाजाने तिकडे जायला निघाली. बरोबर ठकूला घ्यायचं तिने ठरवलं.

“तिकडं बाया मिळत नायत?” ठकूने विचारलं.

“मिळतात गं. पण तुझ्यासारखी जागी राहणारी कुठली?”

एवढ्या लांब फक्त जागं राहायला नेतात, हे ठकूला पटलं नाही. वाडीतला तिचा भाऊ राघो म्हणाला, “न्यायला नेतील. परत आनाया कोन येल?” ठकूने मोंघीबेनला देवघरात नेलं, दिव्यावर हात धरायला लावला, परत आणीन असं तिच्याकडून वदवून घेतलं आणि मगच मोटली बांधली.

जहाजावर त्यांना खालच्या मजल्यावरची दोघींची केबिन मिळाली. लोखंडी पलंग एकावर एक, कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, एक गोल खिडकी आणि तीही पेचाने आवळून बंद केलेली. आत शिरताच ठकूने पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं, भिंत बोटाने वाजवून पाहिली.

“पोकळ हाय,” ती म्हणाली.

“जहाज आहे ते. पोकळच असणार,” मोंघीबेन म्हणाली आणि आडवी झाली.

पहिल्या रात्री ठकूचा डोळा लागला नाही. माळ्यावर एका वेळी एकच आवाज ऐकावा लागे, इथे सगळंच वाजत होतं. खालून यंत्राची धडधड, नळीत गुळगुळ, तारेच्या कड्यात ठेवलेल्या पेल्याची किणकिण, दाराच्या आकड्याचा खडखडाट आणि वरताण म्हणजे मोंघीबेनचं घोरणं. सकाळी तिने ठरवलं, एकेका आवाजाचा धनी शोधायचा. धनी सापडला की आवाज आपला होतो, मग तो झोपू देतो, असं तिचं म्हणणं.

तिने पेल्याला चिंधी गुंडाळली. आकडा जुन्या लुगड्याच्या काठाने बांधून टाकला. कपाटातल्या खुंट्यांमध्ये मोंघीबेनचे मोजे कोंबले. केबिनची झाडलोट करायला एक गोव्याचा माणूस येई. त्याला उभं करून तिने विचारलं, “ही नळी कुठनं येते? आनि जाते कुठं?” त्याने बिचाऱ्याने नळी दाखवली, यंत्राकडे उतरणारा जिनाही दाखवला. त्याला वाटलं, म्हातारी हौशी दिसते. ठकूचा संशय असा की हा केबिनीत उगाच रेंगाळतो, म्हणून तो जाईपर्यंत ती मोंघीबेनच्या पेटीवर बसून राहिली.

बाकीच्या आवाजांचे धनी सापडले. एका आवाजाचा मात्र सापडेना. तो यायचा उशाच्या भिंतीतून, शेजारच्या केबिनीतून. आधी पावलं, अगदी हळू. मग काहीतरी धप्पकन आपटायचं. बाईचा विव्हळल्यासारखा स्वर. थोडा वेळ शांतता, आणि मग एक जाडाभरडा, दाबलेला आवाज म्हणायचा, “फरीथी.” की पुन्हा पावलं, पुन्हा धप्प.

“फरीथी म्हंजी काय?” ठकूने सकाळी विचारलं.

“फरीथी? गुजरातीत म्हणजे पुन्हा,” मोंघीबेन म्हणाली. “का गं?”

ठकूने मनाशी जुळवून पाहिलं. बाई पडते, कण्हते, आणि वरून कुणी म्हणतं, पुन्हा.

तेव्हापासून ती शेजारच्या दारावर नजर ठेवून राहिली. तिथे वेलजी नावाचा एक माणूस होता, पस्तिशीचा, इस्त्रीचा कोट, केसांना तेल. बरोबर बायको आहे असं तो सांगे, पण बायको कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. तो एकटाच जेवायला येई आणि परतताना झाकलेली ताटली घेऊन जाई. बाहेर पडला की दाराला कुलूप लावी. गोव्याच्या माणसाला तो आत येऊ देत नसे, झाडू स्वतः मागून घेई. एकदा ताटली आत घेताना दार जरा जास्त उघडं राहिलं आणि ठकूला बाईचा एक हात दिसला. कोपरापासून खाली हिरवानिळा पडलेला.

ती तडक मोंघीबेनकडे आली. “तो तिला मारतो.”

“परक्याच्या संसारात कान घालू नये, ठकू.”

“मी कुठं घालते? भिंतच घालते.”

दुसऱ्या दिवशी वर डेकवर कठड्याशी तिने वेलजीला गाठलं. मराठी त्याला येत होतं.

“बायको कशी हाय?”

“दर्या लागलाय तिला. चक्कर येते.”

“चक्कर आली का मानूस पडून रातं. ती चालते कशाला?”

वेलजीचा चेहरा उतरला. तो लगबगीने जिन्याकडे वळला. ठकूची आता खात्रीच पटली. खऱ्या माणसाने उलट विचारलं असतं, तुला काय माहीत?

त्याच दुपारी जेवणं आटोपून सगळं जहाज सुस्तावलं असताना भिंतीपलीकडे मोठा आवाज झाला. काच फुटल्याचा. मग बाईची किंकाळी, आणि मागोमाग तो दाबलेला आवाज, “फरीथी.” मोंघीबेन तिचा पदर धरून थांबवायला आली, पण ठकू पितळी तांब्या घेऊन केव्हाच बाहेर पडली होती. शेजारच्या दारावर तिने तांब्या असा हाणला की सगळा बोळ घुमला.

“दार उघडा! नायतर कप्तानाला घेऊन येते!”

कडी निघाली. वेलजीला बाजूला सारून ती आत घुसली.

पलंगावरच्या गाद्या गुंडाळून एका बाजूला लावल्या होत्या. मधोमध एक ट्रंक, चुलीसारखी मांडलेली. तिच्यावर दोन कप. खाली काचा आणि पाण्याचं थारोळं. वेलजीच्या बोटातून रक्त येत होतं. काचा तोच वेचत असणार. आणि ट्रंकेमागे हातात किटली घेतलेली एक तरुण बाई. ती दाराकडे वळली खरी, पण तिची नजर ठकूच्या खांद्यावर कुठेतरी थांबली.

“हा तुला मारतो?” ठकूने विचारलं.

“कोण, हे?” बाईचा आवाज घोगरा, जाड होता. मराठी स्वच्छ, भिवंडीकडचं. “नाही हो. मीच आपटते.”

ठकूने आपला पंजा तिच्या तोंडासमोरून हळू फिरवला. पापणी लवली नाही.

“तुमी भायेर जा,” ती वेलजीला म्हणाली. तो जाईना, तेव्हा तिने तांब्या उचलून दाखवला. तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि बाईच्या बाह्या वर केल्या, घोटे पाहिले. सगळे वळ कोपराखाली आणि गुडघ्याखाली. तिने तिला पलंगाशी उभं करून लोखंडी कड पायाला लावून पाहिली. नेमक्या त्याच उंचीवर येत होती. मग तिने पुन्हा विचारलं, “आता तो नाय हितं. खरं सांग.”

बाईचं नाव रळियात. भिवंडीला माहेरी असताना तिला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण दिसेनासं झालं आणि आवाजही असा बसला. नवरा तेव्हा मोंबासाला होता. तो तिला न्यायला आला तेव्हाच त्याला हे कळलं. घरी त्याने काही कळवलं नाही. कळवलं असतं तर आईने सांगितलं असतं, तिला राहू दे तिथंच, दुसरी बघू.

“हे मला धरून नेणार होते,” रळियात म्हणाली. “मी म्हटलं, नको. सासूच्या घरात मी माझ्या पायांनी शिरणार. पहिला चहा माझ्या हातचा. मग कळू दे काय कळायचं ते.”

“आनि फरीथी फरीथी कोन म्हनतं?”

“मीच. हे तर म्हणतात, पुरे कर.”

ठकू खाली बसली. पण लगेच सगळं मानून मोकळी होणारी ती नव्हती. बंदरावर उतरल्यावर हा हिला गर्दीत सोडून गेला तर? आज लाजेने लपवतो, उद्या लाजेनेच टाकणार नाही कशावरून? हे तिने वेलजीला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, “सोडायची असती तर भिवंडीलाच सोपं होतं.” ठकूला हे उत्तर बरं वाटलं, पण पुरतं नाही.

तेव्हापासून दुपारी ती रळियातकडे जाऊ लागली. “हातानं धरून किती धरशील? कानानं धर,” ती सांगे. कप भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होतो. माणूस दारात उभं राहिलं की बोळातला आवाज अडतो. भिंत जवळ आली की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. रळियात भराभर शिकली. चाहूल ऐकून ती सांगू लागली, हा गोव्याचा माणूस, ही मोंघीबेन. रात्री भिंतीतून धप्प आवाज झाला की ठकू कूस बदलून म्हणे, “पलंगाची कड,” आणि डोळे मिटे.

मोंबासाला वेलजीच्या घरची माणसं बंदरावर आली होती. ठकू मोंघीबेनचा मुलगा बाजूला ठेवून त्यांनाच न्याहाळत राहिली. रळियात जिना नीट उतरली, वेलजीच्या मागून दोन पावलांवर, डोक्यावर पदर घेऊन. खाली सासू उभी होती, काळी, उंच, तोंड मिटलेली. शेजारी थोरली जाऊ. रळियात पुढे झाली आणि पाया पडायला वाकली. पण गर्दीचा रेटा आला, अंदाज चुकला आणि ती वाकली ती एका हमालाने टेकवलेल्या पेटीपुढे.

थोरली जाऊ तोंडाला पदर लावून पाहत राहिली. ठकू एक पाऊल पुढे झाली. तेवढ्यात म्हातारी सासू दोन पावलं बाजूला सरकली आणि त्या पेटीसमोर येऊन उभी राहिली. रळियातचे हात तिच्या पायांना लागले. म्हातारीने तिला उठवलं आणि मनगट धरलं ते सोडलं नाही.

“बघ,” मोंघीबेन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “आता तरी पटलं?”

“लोकांसमोर केलं,” ठकू म्हणाली. “घरात काय करते ते बघाया पायजे.”

मोंघीबेनची सून बाळंत होऊन तिला मुलगा झाला, आणि सवड मिळताच ठकूने मोंघीबेनच्या मागे टुमणं लावलं. शेवटी दोघी वेलजीच्या घरी गेल्या. दारात थोरली जाऊ होती. रळियात कुठे, असं विचारल्यावर ती म्हणाली, “झोपलीय.”

“भरदुपारी?” ठकूने विचारलं आणि बाकावर बसून कान दिले. आतून पातेल्याचा आवाज आला, मग पावलं, हळू पण न अडखळणारी. रळियात ट्रे घेऊन बाहेर आली. उंबऱ्याशी थांबली.

“ठकूमावशी!”

“कशावरनं?”

“बसल्या बसल्या तुम्ही पाय घासता.”

थोरली जाऊ ओशाळून आत गेली. रळियातने चहा दिला, थेंब न सांडता. म्हातारी आतून म्हणाली, “ए, साखर मी घातली होती की तू?” “तुम्ही,” रळियात म्हणाली. “डबा उघडल्याचं ऐकलं मी.” म्हातारी हसली. ठकूने ते हसू नीट ऐकून घेतलं, खोटं आहे का ते पाहायला.

जवळ कुणी नाही असं बघून तिने विचारलं, “म्हातारी रात्रीची कशी वागते तुझ्याशी?”

“उठल्या की आधी मला सांगतात, मीच आहे गं, घाबरू नको.”

परतताना मोंघीबेनने विचारलं, “झालं ना समाधान?”

“म्हातारी बरी वाटते,” ठकू म्हणाली. चार घरं ओलांडल्यावर तिने मागे वळून पाहिलं. “पन त्या थोरलीचा भरवसा नाय. झोपलीय म्हनाली कशाला? पुढच्या आठवड्याला परत येऊ.”

आणि त्या परत गेल्या. मोंघीबेनचं परतीचं जहाज लागेपर्यंत दर आठवड्याला जात राहिल्या, कधी आगाऊ कळवून तर कधी, ठकूच्या हट्टाने, अजिबात न कळवता.