जुलियाच्या पडद्यावरचं शेवटचं पान

मालवणच्या जुलिया फर्नांडिसला दुसऱ्याचा टाका म्हणून बघवत नसे. कुणाच्या घरी भरलेला रुमाल दिसला की तो उसवून पुन्हा भरायला हिचे हात शिवशिवायचे. शेजारच्या काशीबाईने तर ही अंगणात दिसताच उशीचे अभ्रे उलटे करून ठेवायची सवयच लावून घेतली होती.

लग्नाआधी जुलिया बेळगावात एका इंग्रज डॉक्टरकडे आया होती. तिथल्या मडमेने तिला आपल्या आजीच्या घराण्यातलं लोकरी भरतकाम शिकवलं. जुन्या काळी म्हणे विलायतेतल्या बायका थंडी अडवायला पलंगाभोवती सोडायचे पडदे, खुर्च्यांच्या गाद्या घरीच भरायच्या. जाड कापडावर एक मोठं झाड, त्याला सुपाएवढी पानं, आणि प्रत्येक पान वेगळ्या तऱ्हेचं. मडम विलायतेला परतली आणि तिचा नमुना जुलियाच्या ट्रंकेतून मालवणात आला. लेक बर्नादेत जन्मली त्याच वर्षी जुलियाने ठरवून टाकलं, हिच्या लग्नात असा पडदा द्यायचा.

"थंडी लागू नये म्हणून पडदो," नवरा प्लासिद तिची फिरकी घ्यायचा. "मालवणात थंडी खंयसून आणतलस? आणि एकाच झाडार इतक्या जातीची पानां. ह्यां झाड लावलां कोणी?"

बर्नादेत हाताशी आली तशी जुलिया तिला शिकवायला बसली. पोरीने पान भरलं की "बरां आसा" म्हणायची, आणि पोरीची पाठ वळली की सगळं उसवून स्वतः भरायची. पोरीला काय ते दिसत नव्हतं? तिने सुई ठेवली आणि ओसरीवर बापाशेजारी मासेमारीची जाळी दुरुस्त करायला बसू लागली. तिथे तिने मारलेली गाठ कुणी सोडत नव्हतं.

अठ्ठावन्न साली वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. मुलगा बर्नादेतच्या मनात भरला होता. पण त्याची आई रोझारीन भरतकामात पटाईत, आणि सूनही तशीच हवी म्हणून अडून बसलेली. जुलियाने छातीठोकपणे निरोप धाडला की पलंगाचा अख्खा पडदा पोरीनेच भरलाय.

रोझारीन स्वतः बघायला आली. पडदा पलंगावर पसरला. खालच्या कोपऱ्यातल्या एका पानाची नुसती रेघ होती.

"ह्यां एक रवलां," ती बर्नादेतला म्हणाली. "भर बघया, बाये."

जुलिया घाईने पुढे झाली. "तिचां बोट कापलां..." तिने सुरुवात केली, पण लेकीने सुईत लोकर ओवलीसुद्धा. आईचे टाके तिला कुठले यायला? तिने धागे तिरके टाकले, त्यांवर उलटे तिरके, आणि जिथे धाग्यावर धागा आला तिथे बारीक गाठ. बघता बघता पानभर बापाचं जाळं पसरलं. थोडं वाकडं होतं. जुलियाने सुईदोऱ्याच्या डब्यातली कात्री उचलली आणि मुठीत घट्ट दाबून धरली.

रोझारीनने पानावरून बोट फिरवलं. "बाकीची पानां एका हाताची. ह्यां दुसऱ्या हाताचां."

जुलियाची मान खाली गेली. मग मात्र तिने काही लपवलं नाही. "मी खोटां सांगलंय. माझ्या चेडवान भरलेलां सगळां मीच उसवलंय. तिका कधी भरूकच दिलंय नाय."

"सांगलात तां बरां झालां," रोझारीन म्हणाली. "माझो न्हवरो जाळ्यारच जगलो. ही गाठ सुटूची नाय. चेडू माका पसंत आसा. पण ह्यां पान असांच रवांदे."

पाहुणी गेली. बर्नादेतने आईच्या मुठीतल्या कात्रीकडे बोट दाखवलं. "आता उसव."

जुलियाने कात्री डब्यात टाकली. कापडाचा एक तुकडा घेतला आणि लेकीजवळ खाली बसली.

"ती गाठ कशी मारतस, माका दाखय."

बर्नादेतने दाखवली. जुलियाची पहिली गाठ सैल पडली. लेकीने ती नीट निरखून पाहिली, "बरी आसा" म्हणाली, आणि तशीच राहू दिली.