उडीकाकू

काकूंना स्वस्थ बसून गेम खेळता येत नसे. हातात रिमोट, समोर टीव्ही, आणि पडद्यावरची खार खड्ड्यावरून उडाली की इकडे काकूही खुर्चीतून वीतभर वर. खार फांदीखालून सरपटत गेली की काकूंची मान खाली. एकदा तर त्या खारीबरोबर इतक्या कलल्या, की खुर्चीसकट जमिनीवर आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "मला नंतर उचला, आधी तिला पलीकडे जाऊ दे!" अख्खं नागाव त्यांना उडीकाकू म्हणायचं, तेही तोंडावर. त्यांना त्याचं भूषणच होतं.

मी चौलच्या शाळेत लागले तेव्हा त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचे. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी, मागे नारळी-पोफळीची वाडी. गेम पुण्याच्या मुलाने नातवंडांसाठी आणलेला. सुटी संपली, नातवंडं गेली, गेम राहिला. एका दुपारी टीव्हीवरची धूळ पुसताना काकूंच्या हातून कुठलंसं बटण दाबलं गेलं. खार पळायला लागली, पहिल्याच खड्ड्यात पडली, आणि काकू फडकं टाकून खाली बसल्या. ती धूळ पुसायची राहिली ती राहिलीच.

गंमत म्हणजे वाडीतल्या खऱ्या खारींशी त्यांचं हाडवैर. कोवळे नारळ पोखरतात म्हणून काकू दगड घेऊन त्यांच्यामागे धावायच्या, आणि घरात येऊन पडद्यावरच्या खारीसाठी जीव टाकायच्या. मी चिडवलं तर म्हणाल्या, "ही चोर नाही गो. ही कष्टाचं खाते."

खार मेली म्हणून त्या कधी हळहळल्या नाहीत. "खड्डा कुठे आहे ते कळलं ना? मग झालं," म्हणायचं आणि पुन्हा सुरू. मात्र दुसऱ्याची मदत चालत नसे. मुंबईहून आलेला एक पाहुणा त्यांची धडपड बघून म्हणाला, "द्या काकू, तेवढं मी पार करून देतो." काकूंनी मान न वळवता विचारलं, "तू जेवायला बसलास की तुझा घास मी खाते का रे?"

त्यांचे यजमान, अप्पा, यापासून चार हात लांब. "म्हातारपणी काय हा चाळा!" म्हणत ते वाडीत निघून जायचे. त्यांचा जीव पोफळींत. कुठलं झाड कधी लावलं, ते नातवंडांचे वाढदिवस सांगावेत तसे सांगायचे.

मग ते वादळ आलं. दिवसभर आम्ही तिघं माजघरात बसून कौलं उडालेली ऐकत होतो. वारा पडल्यावर अप्पांनी मागचं दार उघडलं तर समोर थेट समुद्र. त्या दारातून समुद्र कधी कोणी पाहिला नव्हता. मधली वाडी आडवी झाली होती.

अप्पा बोलायचेच थांबले. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे, ताट तसंच परत पाठवायचे. मुलाचा फोन आला, वाडी विका आणि इकडे या. अप्पा एवढंच म्हणाले, "विकू या." गिऱ्हाईक बघायला यायचा वारही ठरला. काकू वाडी साफ करत राहिल्या. झावळ्या ओढून ओढून त्यांचे हात सोलले होते.

कित्येक दिवसांनी वीज आली. त्या दुपारी काकूंनी अप्पांची खुर्ची ओढत टीव्हीपुढे आणली आणि दुसरा रिमोट त्यांच्या हातात कोंबला.

"तांबडी खार माझी, करडी तुमची. चला."

"मला नाही यायचं कुठे."

"तुम्ही हलला नाहीत तर मलाही पुढे जाता येत नाही. तसाच आहे हा गेम."

अप्पांनी नाइलाजाने बटण दाबलं. करडी खार चालत चालत सरळ खड्ड्यात.

"अहो, उडी! उडी मारा!"

"कशाने?"

"लाल! लाल बटण!"

पुन्हा खड्डा. तिसऱ्यांदा खार उडाली खरी, पण आपटली काकूंच्या खारीवर, आणि दोघी मिळून खाली गेल्या. "अगं, मी तुला घेऊन मेलो की!" अप्पा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता रडायलाही लागले. काकूंनी रिमोट खाली ठेवला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी दारातूनच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी अप्पा कोयता घेऊन वाडीत गेले. गिऱ्हाईक आलं तेव्हा ते पोफळीची रोपं लावायला खड्डे खणत होते. "विकायची नाही," वर न बघता म्हणाले. काकूंनी गिऱ्हाइकाला चहा मात्र दिला.

पुढे माझी रोह्याला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तर दोघं ऐन खेळात. काकू आतूनच ओरडल्या, "पोचलीस की फोन कर! आत्ता बोलू नको गो, मी फळीवर आहे!" मी नमस्कार त्यांच्या पाठीलाच केला. तीच शेवटची भेट.

काकू गेल्याचं कळलं तशी मी नागावला गेले. अप्पांनी स्वतः चहा केला, साखर घालायला विसरले. वाडी दाखवली. पोफळी माझ्या डोक्यावरून वर गेल्या होत्या. निघायला उठले तेव्हा ते जरा घुटमळले. "मास्तरीणबाई, थोडा वेळ आहे का? दुसऱ्या रिमोटला कोणी नाही."

मी बसले. मला काहीच येत नव्हतं, प्रत्येक खड्ड्यात पडत होते. अप्पांची खार मात्र सराईत, पलीकडे जाऊन उभी. अप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "सावकाश या. मी थांबलोय."