सिक रिपोर्ट निल

उत्तर काश्मीरमध्ये एका रस्त्यावर आमच्या कंपनीची ड्यूटी होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. माझ्या सेक्शनमध्ये नाईक बिराप्पा हाके होता. आम्ही दोघंही दुधनीचे. त्याच्या घरी मेंढरं. मला तो हवालदारसाब न म्हणता अण्णा म्हणायचा.

साडेपाचला फॉल-इन, सहाला रस्ता तपासायला निघायचं. त्या दिवशी सहा चाळीसला पुलाजवळ सुरुंग फुटला. मी रेडिओवर बोललो, "ब्लास्ट. दोन कॅज्युअल्टी. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं, "वेट. आउट."

मदतीची वाट पाहत वीस मिनिटं थांबलो. लान्स नाईक इरफान शेख आणि शिपाई संजय मोरे तेवढ्यात गेले. इरफानचं डोकं बिराप्पाच्या मांडीवर होतं. मी चार पावलांवर होतो.

पुढं मला झोप लागत होती, बिराप्पाला लागेना. लंगरात कुकरची शिट्टी झाली की तो भिंतीला चिकटायचा. तीन आठवड्यांनी त्यानं सिक रिपोर्टला, म्हणजे डॉक्टरकडं जाणाऱ्यांच्या यादीत, नाव दिलं.

"काय हुतंय?"

"डोकं थांबंना, अण्णा."

"ताप हाय?"

"न्हाय."

"मग कामाला लाग."

मी नाव खोडलं. माझ्या सेक्शनचा सिक रिपोर्ट चार महिने निल होता, एकही नाव नाही, आणि त्याची मला मस्ती होती. त्यानं आणखी दोनदा नाव दिलं. दोन्ही वेळा मी खोडलं. मग तो सुट्टीवर गावी आला आणि त्यानं स्वतःचा जीव घेतला.

यंदा गावातल्या आम्ही माजी सैनिकांनी शहिदांचा दगडी फलक बसवायचं ठरवलं. बिराप्पाची आई गंगव्वा मीटिंगला आली. "माज्या लेकाचं नाव घाला की," एवढंच म्हणाली.

आमचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार आहेत. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, ती लायकी नाही. तिच्या तोंडावर म्हणाले, "त्याचा बाप बी असाच येडसर हुता. रक्तातलं दुकनं ते. फौजेचा काय संबंद? सर्विसमदला डाक्टरचा एक कागद तरी हाय का?"

मला असा संताप आला की मी दुसऱ्या दिवशी सोलापूर गाठलं. मला सुभेदाराचं तोंड बंद करायचं होतं. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं.

"मेंदूचा एक भाग भीतीची घंटा वाजवतो, दुसरा ती थांबवतो," त्या म्हणाल्या. "काही जणांत अशा धक्क्यानंतर त्या दोघांमधल्या जोडण्या नीट काम करत नाहीत. धोका टळला तरी घंटा चालूच राहते."

"म्हंजे रक्तातलंच की."

"काहींना रक्तातून जोखीम जास्त येते. पण कुठल्या एका जनुकावर बोट ठेवता येत नाही. आणि स्फोटच झाला नसता तर हा आजार कशानं झाला असता?"

"मी चार पावलांवर हुतो. मला काय झालं न्हाय."

"त्यात तुमची मर्दुमकी नाही, हवालदार. त्याला वेळेवर पाठवलं असतं तर उपचार होते."

मी बाईंना वाटेल ते बोललो. फाटकापर्यंत शिव्या घालत आलो. खऱ्याचा राग जास्त येतो.

रविवारी अकराला पुन्हा मीटिंग झाली. मी बाईंचं म्हणणं सांगितलं. सुभेदार हसले.

"बाईचं शास्त्र ऱ्हाऊ दे. कागद दाव."

"कागद न्हाय. त्यानं तीनदा सिक रिपोर्टला नाव दिलं, मी तीनदा खोडलं."

सुभेदारांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"लिहून देशील?"

"देतो."

"फलकाच्या दिवशी तुजा सत्कार हाय. त्यो व्हणार न्हाय मग."

"नगं मला."

गंगव्वानं माझ्याकडं पाहिलं. "तीनदा?"

"व्हय, अव्वा."

ती उठून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलू नये.

मी सही केली, नाव कोरलं गेलं. लोक विचारतात, त्या रस्त्यावर तुमची किती माणसं गेली? इतकी वर्षं मी दोन सांगत होतो. लान्स नाईक इरफान शेख. शिपाई संजय मोरे. नाईक बिराप्पा हाके. तीन गेली.